गोठ्यातली एस्टीम

आमच्या दारावरची बेल गेली ११ वर्षं बंद आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तर आमची ही सांगणारच. “यांनी अख्ख्या तालुक्याच्या घंटा वाजत्या ठेवल्या, घरची तेवढी राहिली,” हे वाक्य ती चहाच्या कपाबरोबर प्रत्येक पाहुण्याच्या हातात देते. मी टेलिफोन खात्यात ३३ वर्षं होतो, त्यामुळे वाक्यात खोट काढायला जागा नाही. त्यातून गेल्या वर्षी सलग पाच महिने मी एका मोटारीचं वायरिंग करत होतो. ही मोटार एका वेळी सोळा सेकंद चालते. मग थांबते. हिच्यापुढे तो विषय निघाला की मी दूध आणायला जातो.

आमच्या कामाबद्दल मोबाइलवाल्या पिढीला थोडं सांगावं लागेल. जुन्या एक्स्चेंजमध्ये रॅकच्या पाठीमागून वायरींचे मनगटाएवढे जाड सोट उतरायचे. त्या वायरी नुसत्या मोळीसारख्या बांधलेल्या नसत. आधी लाकडी फळीवर खिळे ठोकून रस्ता आखायचा, त्या खिळ्यांमधून एकेक वायर ओढत न्यायची, जिचं घर जिथे आलं तिथे तिला बाहेर काढायची, आणि मग मेण लावलेल्या दोऱ्याने बोटभर अंतरावर गाठी मारत जायचं. सगळ्या गाठी एका रेषेत. याला केबल फॉर्म म्हणत. आमचे एक साहेब पट्टी लावून गाठी बघायचे आणि एक जरी तिरकी दिसली तरी काही न बोलता खिशातली कात्री काढायचे. वायरींचे रंग आम्हाला पाढ्यासारखे पाठ: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. मुलीला झोपवताना मी अंगाईऐवजी हेच म्हणायचो. तिने पुढे कॉमर्स घेतलं.

नंतर प्लॅस्टिकचे टाय आले. खेचलं की कटकट वाजतं आणि काम होतं. जे शिकायला माझ्या बोटांची दोन वर्षं सालं निघाली, ते आता कुणीही करू लागलं, आणि वाईट करू लागलं. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या निरोपसमारंभात माझ्या स्वभावाबद्दल चार जण बोलले. गाठींबद्दल कुणी नाही.

म्हणून जेव्हा भाच्याचा फोन आला आणि तो म्हणाला, “मामा, तुम्हाला तो दोरा बांधायला येतो ना अजून?” तेव्हा पुढचं ऐकायच्या आधीच मी चपला शोधायला लागलो होतो. त्याच्याकडून कळलं की विमानांत आजही वायरी दोऱ्याने बांधतात, कारण टायची कडा वायरीला चावते, दोरा चावत नाही. मंगळावर जे क्युरिऑसिटी यान गेलंय, त्याच्याही वायरी दोऱ्यानेच बांधल्यात. मी हे लगेच हिला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, “मग मंगळावरची बेल वाजत असेल.”

माझी ताई खेड तालुक्यात दिली आहे. दाजी शेतकरी, पण शेती हा त्यांचा जोडधंदा. मुख्य काम बैलगाडा. आमच्या भागातली ही शर्यत ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगून कळत नाही. चढाचा सरळ घाट, पुढे घोडी, मागे चार बैल, आणि घड्याळ. चांगली बारी म्हणजे बारा-तेरा सेकंद. त्यासाठी वर्षभर दूध, अंडी, खारीक, उडीद असा खुराक, रोजचं फिरवणं, आंघोळ, आणि उन्हाळ्यात गोठ्याला पंखा. घरातल्या माणसांना पंखा त्यानंतर दोन वर्षांनी आला.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या शर्यती बंद केल्या. २०२१च्या डिसेंबरात परत परवानगी मिळाली. मधली सात वर्षं दाजींनी बैलांना खुराक घालत आणि टीव्हीवर कोर्टाच्या बातम्या बघत काढली. त्याच काळात डिप्लोमा करून चाकणला नोकरीला लागलेला भाचा मित्रांबरोबर लोणावळ्यापलीकडे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरणारी ‘व्हॅली रन’ बघायला गेला आणि परत आला तो ताप घेऊनच. ड्रॅग रेस म्हणजे काय हे त्याने जेवताना दाजींना समजावून सांगितलं. मी तिथेच होतो.

“दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. दिवा लागला की सुटतात. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. आधी पोचेल तो जिंकला.”

“वळण न्हाई?” दाजी म्हणाले.

“नाही.”

“येळ किती?”

“आपल्यासारख्या गाडीला पंधरा-सोळा सेकंद.”

दाजींनी भाकरीचा घास तोडला. “मंग ह्यो आपला घाटच की. त्याला येवढं इंग्रजी कशापायी?”

अमेरिकेत लोक १९५१ पासून रीतसर संघटना काढून हा खेळ खेळतायत. वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थाने कॅलिफोर्नियात ती काढली, रस्त्यावर शर्यती लावणाऱ्या पोरांना मैदानात आणायला. हेही भाच्याने सांगितलं. दाजींना त्यात नवल वाटलं नाही. पोरं रस्त्यावर हुंदडायला लागली की गावात कुणीतरी कमिटी काढतंच. फक्त एक शंका त्यांनी विचारली: गाडीत माणूस बसतो का? बसतो म्हटल्यावर ते जरा नाराज झाले. आमच्या गाड्यावर कुणी बसत नाही, बैल आपले आपण पळतात. अमेरिका त्या बाबतीत अजून मागेच आहे असं त्यांचं मत पडलं.

एकूण काय, वर्षभराचा खुराक आणि बारा सेकंदांची बारी हा हिशेब त्या घराला नवा नव्हता. भाच्याने चाळीस हजारांना जुनी एस्टीम आणून गोठ्याच्या रिकाम्या कोपऱ्यात उभी केली तेव्हा ताईने फक्त एवढंच विचारलं, की ही शेण कुठे टाकते.

एस्टीम १९९४ साली आली तेव्हा तिच्यातून उतरणारा माणूस डॉक्टर तरी असायचा नाहीतर बिल्डर. शर्यतवाल्यांचा तिच्यावर डोळा वेगळ्या कारणासाठी. १३०० सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन आणि सगळी गाडी मिळून ९०० किलोच्या आत. म्हणजे अंग पैलवानाचं नाही, पण खोंड चपळ. त्यातूनही भाच्याने वजन उतरवायला सुरुवात केली. मागची सीट काढली. ती ताईने पडवीत ठेवली. गावातली निम्मी माणसं आता त्या सीटवर बसून ह्या गाडीला नावं ठेवतात.

वजनावरून पहिली फजिती बॅटरीची झाली. अमेरिकेतल्या सगळ्या शर्यतवाल्यांची बॅटरी मागच्या डिकीत असते, म्हणून भाच्याने आपलीही डिकीत नेली. अंगठ्याएवढी जाड चार मीटर केबल पुढून मागे ओढली, पत्र्याला जिथे भोक पाडलं तिथे रबरी ग्रोमेट बसवलं, बाहेरून बंद करायला लाल कटऑफ स्विच लावला. अगदी दृष्ट लागण्यासारखं काम. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की त्या अमेरिकन गाड्या मागच्या चाकांवर चालतात. सुटताना मागच्या चाकांवर जितकं वजन तितकी पकड जास्त. एस्टीम पुढच्या चाकांवर चालते. म्हणजे आम्ही जिथे वजन हवं तिथून उचलून जिथे नको तिथे नेलं होतं, आणि तेही चार मीटर तांबं वाढवून. बॅटरी परत पुढे आली. केबलीवर ताई कपडे वाळत घालते. तुटणार नाही एवढी खात्री आहे.

मग माझं काम सुरू झालं. आधी जुनं वायरिंग बाहेर काढलं. मोटारीला जितके मालक झाले तितके थर होते त्यात. कुणी स्टिरिओ बसवला होता, कुणी काढला होता, कुणी दुसरा बसवला होता. एकाने खाली निळे दिवे लावले होते. एकाने रिव्हर्स घेताना भजन वाजवणारा भोंगा जोडला होता. प्रत्येक कारागिराने आधीच्याची वायर मध्येच सोलून तिला आपली पीळ देऊन गुंडाळली होती, आणि वर काळी चिकटपट्टी, जी उन्हाळ्यात पाघळून गुळाच्या पाकासारखी झाली होती. मी ती सगळी आतडी अंगणात पसरली. कोंबड्यासुद्धा लांबून गेल्या.

शर्यतीच्या गाडीला लागतं फार थोडं. इंजिनाचा कॉम्प्युटर, इग्निशन, पेट्रोल पंप, स्टार्टर, रेडिएटरचा पंखा, मीटर, मागचा दिवा. मी गोठ्याच्या भिंतीला दाराची जुनी फळी टेकवली, तिच्यावर गाडीचा नकाशा खडूने काढला, खिळे ठोकले आणि ३३ वर्षं मागे गेलो. भाच्याने आधी हसून घेतलं. मग म्हणाला, “मामा, आमच्या कंपनीच्या शेजारी हार्नेसचा कारखाना आहे. तिथे पोरी अशाच फळ्यांवर खिळ्यांमधून वायरी ओढतात.” मी म्हटलं, अरे, मग हसलास कशाला?

रिलेच्या बाबतीत मात्र तो मला शिकवायला लागला, आणि हे जरा जास्त झालं. एक्स्चेंज म्हणजे रिलेंचं गावच. हजारो रिले रात्रंदिवस टकटक करत असायचे आणि त्या आवाजावरून आम्ही गावात कुठे बारसं झालं ते सांगायचो. रिलेचं काम सोपं आहे. साहेब नुसती बेल मारतो, कपाट शिपाई उचलतो. डॅशबोर्डच्या बटणातून किरकोळ करंट जातो, त्याने रिले ओढला जातो, आणि पंख्याचा दहा-पंधरा अँपिअरचा भार रिलेतून वाहतो. बटण जळत नाही. गाडीच्या रिलेला पिना बहुतेक वेळा चार. आता चार पिनांना माणूस १, २, ३, ४ असे नंबर देईल की नाही? जर्मन लोकांनी ३०, ८५, ८६ आणि ८७ दिले आणि सगळ्या जगाने ते मुकाट्याने मान्य केले. मधले ५४ कुठे गेले हे विचारायची सोय नाही.

झारण की क्रिम्प, ह्यावर आमचं चार दिवस वाजलं. मी झारणाचा माणूस. सांधा झाळला नाही तर मला रात्री झोप येत नाही. भाचा म्हणे, गाडी थरथरते, आणि कथील वायरीत जिथवर चढतं तिथवर वायर कडक होते. थरथर होऊन ती नेमकी त्या कडेला तुटते. त्यापेक्षा चांगल्या पकडीने लग दाबून बसवायचा. पकड चार हजारांची होती, म्हणून मी जास्त विरोध केला. शेवटी दोन्ही तऱ्हेचे दोन तुकडे करून मोटारसायकलच्या हँडलला बांधले आणि तो आठवडाभर चाकणला कामावर जाऊन आला. चाकणचा रस्ता परीक्षक म्हणून फार कडक. शनिवारी माझा झाळलेला तुकडा वाटेत कुठेतरी राहिला होता.

लग नीट बसलाय का हे ओढून बघायचं असतं. ते काम दाजींनी मागून घेतलं. चार बैलांना आवरणारा हात. पहिला लग सुटला नाही. लग जिथे बसवला होता ते ब्रॅकेट हातात आलं.

ह्यात एक गोष्ट मी तेव्हा मनावर घेतली नाही. एक्स्चेंज ४८ व्होल्टवर चालतं, दोन-दोन व्होल्टचे २४ सेल, आणि त्यात प्लस बाजू जमिनीला जोडलेली असते. उलटं केलं तर ओल्या मातीतल्या तांब्याच्या केबली खंगत जातात, म्हणून जगभर ही चाल पडली. गाडीत मायनस बाजू बॉडीला. हे मला ठाऊक होतं. मी फळीवर मोठ्या अक्षरात लिहूनही ठेवलं होतं. पण ३३ वर्षं ज्या हातांनी प्लस जमिनीत गाडला, ते हात फळी वाचत नाहीत.

वायरिंग पूर्ण झालं त्या दिवशी संध्याकाळी गाव बघायला आलं. इंजिनाच्या बाजूने एकच सोट, भिंतीला चिकटून, तापणाऱ्या पाइपांपासून लांब. जिथे फांदी फुटते तिथे दुहेरी गाठ. प्रत्येक टोकाला चिठ्ठी. अर्थिंगसाठी रंग खरवडून चकाकणारा पत्रा, त्यावर दातेरी वॉशर. कात्रीवाले साहेब असते तर कात्री खिशातच राहिली असती. एक म्हातारबुवा बराच वेळ वाकून बघत होते. म्हणाले, “ह्ये सगळं झाकनाखाली जानार व्हय?”

आता थंडाव्याचं. इथे भाच्याला एक शहाणपण सुचलं होतं. अमेरिकेतल्या सगळ्यात वेगवान, टॉप फ्यूएल नावाच्या गाड्यांना रेडिएटर नसतोच. त्यांच्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी खेळायला पोकळीच ठेवत नाहीत. नायट्रोमिथेन नावाचं इंधन इतकं ओततात की तेच आतून गारवा देतं. मग आपणही रेडिएटर काढला तर बारा किलो वाचतील. मी विचारलं, त्या गाडीचं पुढे काय होतं? तर कळलं, प्रत्येक धावेनंतर इंजिन सगळं खोलून पुन्हा बांधतात. प्रत्येक. मी त्याच्या पगाराचा आकडा मोठ्याने उच्चारला आणि रेडिएटर राहिला.

पण त्याचा मूळ प्रश्न बरोबर होता. सोळा सेकंदांत इंजिन तापून तापणार किती? ह्याचं उत्तर दाजींनी दिलं, तेही बैलांवरून. “बैल बारीत दमत न्हाई. ट्रकातनं उतरवल्यापास्नं नंबर येईस्तवर उन्हात उभा ऱ्हातो, तवा दमतो.” हे मला एकदम पटलं, कारण मी ३३ वर्षं सरकारी नोकरी केली आहे. गाडी पळताना समोरून वारा येतो. रांगेत वारा नसतो. असतं वरून ऊन, खालून डांबर आणि पुढच्या गाडीचा धूर. पंखा, रेडिएटर, रिले हा सगळा संसार त्या रांगेसाठी.

भोसरीच्या एका जुन्या रेडिएटरवाल्याकडून कोअर साफ करून आणला. पंख्याभोवती बसवायला पत्र्याचं कडं केलं, पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून. ह्या कड्याशिवाय पंखा फक्त आपल्यापुढच्या गोलातली हवा ओढतो, कोपरे तसेच तापत राहतात. रेडिएटरच्या बाजूच्या फटीही फोमने बुजवल्या, कारण हवासुद्धा रांग मोडून कडेने जाते. हवेला सरळ वाट दिली की निम्मं काम होतं यावर माझा जुना विश्वास आहे. १९८६ साली किट्टूरला सी-डॉटचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज बसलं, त्याचं मोठेपण हेच होतं की ते एसीशिवाय चालायचं. त्याआधी एक्स्चेंजला एसी असायचा आणि आम्ही कारण नसताना आत जाऊन ‘फॉल्ट’ बघत बसायचो. सी-डॉटने आमचं तेवढं नुकसान केलं.

रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट घालायचं नाही, साधं पाणी घालायचं, हे दोन कारणांनी ठरलं. कूलंट ट्रॅकवर सांडलं तर रस्ता तेलकट होतो, पाठीमागून येणारा घसरतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याला बंदी असते. दुसरं कारण दाजींचं. ते हिरवं पाणी चवीला गोड असतं आणि जनावराला विष. गोठ्यात एक थेंब आणायचा नाही, नाहीतर गाडी आणि भाचा दोघेही बाहेर. रेडिएटरच्या दाबाच्या झाकणामुळे पाणी शंभरला न उकळता ११८च्या आसपास उकळतं, म्हणून तापलेल्या गाडीचं झाकण काढू नये, हे भाचा आईला समजावत होता. ताई म्हणाली, “मला कुकर शिकवतोस?”

गाडी सुरू केली. इंजिन गरम झालं, ९० अंशांना मी बटण दाबलं, रिलेने टक् केलं, पंखा भन्नाट फिरायला लागला. टाळ्या पडल्या. काटा ९५वर गेला. मग १००. १०५ला भाच्याने इंजिन बंद केलं.

पुढचे दोन रविवार आम्ही शोध घेतला. पाण्यात हवा अडकली असेल म्हणून गाडीचं नाक उंच करून हवा काढली. थर्मोस्टॅट काढून ताईच्या पातेल्यात तापत्या पाण्यात धरला, तो इमानाने ८२ला उघडला. तो तसाच काढून टाका असं येणारा प्रत्येक मेकॅनिक सांगत होता; हा सल्ला महाराष्ट्रात फुकट मिळतो. पाण्याचा पंप पाहिला. हेड गॅस्केटवर संशय घेतला आणि मोडलेल्या मनाने खर्चाचा अंदाज काढला. ताईने बॉनेटवर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, आमच्या लहानपणी तापात ठेवायची तशा. वायरिंगवर मात्र कुणी बोट ठेवलं नाही. इतकं देखणं काम चुकीचं असेल अशी शंका घ्यायला माणूस धजतच नाही. मी तर नाहीच.

दुसऱ्या रविवारी दाजी बैलांना कडबा टाकून हात झटकत गाडीसमोर उभे राहिले. झटकलेला भुसा जाळीकडे जायचा सोडून उलटा त्यांच्या मिशांवर आला. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग मूठभर भुसा घेऊन परत उडवला. परत मिशांवर.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “तुमचा पंखा हवा वढत न्हाई. थुकतोय.”

पंख्याच्या मोटारीला प्लस-मायनस उलटे दिले की ती तक्रार करत नाही, फक्त उलटी फिरते. माझा पंखा इंजिनाची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता. दोन्ही वायरींचा रंग उडून एकसारखा झाला होता आणि हाताने आपल्या सवयीने प्लस बॉडीला नेऊन लावला होता. चिठ्ठ्या मात्र सुवाच्य अक्षरात. दुरुस्ती दोन मिनिटांची. पण त्या दोन पिनांपर्यंत पोचायला मला माझ्याच हातच्या अकरा गाठी कापाव्या लागल्या. कात्री ताईने आणून दिली. भाचा एक शब्द बोलला नाही, आणि ते जास्त लागलं.

शर्यत पुण्याबाहेरच्या एका धावपट्टीवर होती. आम्ही सकाळी नऊला रांगेत लागलो. अकरापर्यंत आठ गाड्या सरकलो. रांगेत इंजिन बंद ठेवून गाडी हाताने ढकलायची, पंखा बॅटरीवर चालू ठेवायचा, असा बेत. मी दहा अँपिअरच्या हिशेबाने पाटीवर बॅटरीचं गणित मांडत होतो. शेजारच्या गाडीवाल्यांनी हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डवर बर्फाच्या पिशव्या ठेवल्या होत्या. थंड हवा दाट असते, जास्त जोर देते. दाजी उठले, हमरस्त्यावरच्या रसवंतीवाल्याकडून गोणपाटात गुंडाळून अर्धी लादी घेऊन आले. उरलेल्या बर्फात आम्ही ताईने दिलेलं ताक ठेवलं.

आमचा नंबर यायला तीन गाड्या राहिल्या तेव्हा दाजींनी कनवटीची पुडी काढली आणि कुणाला कळायच्या आत निमगावच्या खंडोबाचा भंडारा गाडीवर उधळला. भंडारा बॉनेटवर बसला नाही. हवेत एक वळण घेऊन सरळ जाळीत शिरला आणि रेडिएटर पिवळाजर्द झाला. भाचा ओरडला. माझे डोळे भरून आले. पंखा बरोबर फिरत होता.

तपासनीस आले. तिशीतला मुलगा, हातात टॉर्च. बॉनेट उघडून रेडिएटरकडे बोट दाखवत म्हणाला, “हे काय गळतंय?” दाजी म्हणाले, “द्येव हाय.” त्याने मान डोलावली. मग टॉर्च सोटावरून हळूहळू फिरला, फांदीपाशी थांबला, परत मागे आला. त्याने आणखी दोघांना हाका मारून बोलावलं. तिघांनी फोटो काढले. “हे कुणी बांधलंय?” भाच्याने माझ्याकडे हात केला. मी रंग सांगायला लागलो होतो, निळा, नारिंगी. पण तेवढ्यात मागच्याने हॉर्न दिला.

दिव्यांच्या खांबाला ते ख्रिसमस ट्री म्हणतात. पिवळे उतरत येतात, मग हिरवा. गंमत म्हणजे तुमचं घड्याळ हिरव्यावर सुरू होत नाही, तुमचं चाक किरण ओलांडतं तेव्हा सुरू होतं. हिरवा लागल्यावर चहा पिऊन निघालात तरी वेळ तोच; फक्त शेजारचा घरी पोचलेला असतो. भाचा चहा पिऊन निघाल्यासारखाच निघाला. १६.४८. दुपारनंतर दुसरी धाव, १६.२१, ताशी १३८ किलोमीटर. आमच्या वर्गात चौदा गाड्या होत्या, आम्ही नववे. दोन्ही वेळा रांगेत काटा ८८च्या वर गेला नाही. पाच महिने काम, आठ तास रांग, पावणेतेहेतीस सेकंद शर्यत. दाजींच्या मते मोसम चांगला गेला.

तेव्हापासून आणखी तीन गाड्यांची कामं आली आहेत. दाराची फळी आता आमच्या मागच्या खोलीत आहे आणि मेणाचा दोरा मी किलोवर आणतो. तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर बेल दाबत बसू नका. कडी वाजवा, जरा जोरात. मी खिळ्यांच्या पलीकडे असतो, आणि ही उठत नाही.